‘हेवी’ कॉम्प्युटर घेताना

लग्नाचा बस्ता बांधायला गेलो की आपण दुकानदाराला वीस साड्या उलगडायला लावतो. काठ बघतो, पदर बघतो, सूत बोटांत चोळून बघतो, ‘रंग जाणार नाही ना हो भाऊ?’ असं तीनदा विचारतो. कुकर किती लिटरचा, मिक्सरची मोटार किती वॉटची, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण घरात कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला, की हीच चौकस बाई दोन पावलं मागे सरकते. ‘त्यातलं मला काही कळत नाही, तुम्हीच ठरवा’ म्हणते. मग मुलगा, भाचा, दीर नाहीतर दुकानदार ठरवतो. गंमत म्हणजे पैसे मात्र पुष्कळदा तिच्याच भिशीचे, तिच्याच बचतगटाच्या कर्जाचे, नाहीतर तिच्याच मोडलेल्या पाटल्यांचे असतात!

बिलं टाइप करायला आणि मुलांच्या अभ्यासाला साधा कॉम्प्युटर हवा असेल तर फारसं बिघडत नाही. आजचा कुठलाही बरा प्रोसेसर ते काम हसत करतो. प्रश्न येतो तो ‘हेवी’ मशीनचा. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, अल्बम डिझाइन, इंटिरियरचे थ्रीडी आराखडे, अ‍ॅनिमेशन... ही कामं आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावात, मागच्या खोलीत, स्वयंपाक आटपून बायका ती करतात. त्यासाठी बहुतेक जण सुटे भाग निवडून मशीन ‘असेम्बल’ करून घेतात. त्या भागांतला सगळ्यात मानाचा आणि सगळ्यात गोंधळात टाकणारा भाग म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू. आकार काडेपेटीएवढा, आणि वरच्या दर्जाचा घ्यायचा तर किंमत तीस हजारांपासून पार साठ-सत्तर हजारांपर्यंत.

आमच्या बचतगटातल्या एका मैत्रिणीने २०२५च्या उन्हाळ्यात असं मशीन घेतलं. तिचा नवरा फोटोग्राफर. लग्नाच्या ऑर्डरी तो घेतो, शूटिंगला तो जातो. एडिटिंग आणि अल्बम मात्र हिचं काम. एका लग्नाचं दोन-तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग, वर ड्रोन. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं ते सगळं कापून, जोडून, गाणी टाकून अडीच तासांची फिल्म करायची. हिचा कॉम्प्युटर आठ वर्षांचा जुना. रात्री अकराला ‘एक्सपोर्ट’ लावायचा आणि सकाळी उठून बघायचं. मध्ये तीन वाजता लाइट गेली की सगळं मुसळ केरात. शिवाय ठरलेल्या पैशांतला शेवटचा हप्ता पेनड्राइव्ह हातात पडल्याशिवाय कोणी देत नाही. एका नवऱ्या मुलीची आई तर म्हणाली, ‘ताई, पोरीचं बाळंतपण व्हायची वेळ आली, कॅसेट केव्हा देता?’ (आमच्याकडे अजून ‘कॅसेट’च म्हणतात.)

गटाने तिला एक लाखाचं कर्ज मंजूर केलं. पन्नास हजार तिच्याकडे होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानाने कोटेशन दिलं दोन लाख दहा हजारांचं! ‘आय-नाईन टाका ताई, दहा वर्षं बघायला नको.’ इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, ‘मावशी, रायझनचा एक्स-थ्रीडी घे, गेमिंगमध्ये जगात एक नंबर आहे.’ आणि नवऱ्याच्या मित्राकडे एक जुना आय-नाईन होता, निम्म्या किमतीत द्यायला तयार. सल्ले तीन, तिन्हींची तोंडं तीन दिशांना. तुझं काम नेमकं अडतं कुठे, हे मात्र तिला कोणीच विचारलं नव्हतं.

कुठे अडतं ते आधी बघा

हे बघायला पैसे लागत नाहीत. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर गेलं की प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय ते दिसतं. तिला आम्ही आठवडाभर दूधवाल्याच्या वहीसारखी एक वही करायला लावली. मशीन रेंगाळलं की बघायचं, कोण शंभर टक्क्यांवर आहे ते लिहायचं.

आठवड्याने वही उघडली तर काय! निम्म्या वेळा प्रोसेसर निवांत होता. रॅम भरलेली आणि जुनी हार्ड डिस्क धापा टाकणारी. म्हणजे नुसता साठ हजारांचा प्रोसेसर बसवला असता तरी तो बिचारा डिस्कची वाट बघत बसला असता. उरलेल्या निम्म्या वेळा मात्र प्रोसेसर खरोखर शंभरावर होता. एक्सपोर्ट करताना, आणि एका विशिष्ट कॅमेऱ्याचं शूटिंग टाइमलाइनवर टाकलं की. त्या कॅमेऱ्याचं पुढे सांगते, कारण सगळी मेख तिथेच होती.

आता प्रोसेसरच्या खोक्यावरचे शब्द. साखरपुड्याचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. ‘कोर’ म्हणजे आचारी. आठ कोर म्हणजे आठ आचारी. ‘थ्रेड’ म्हणजे एका आचाऱ्याने किती चुली सांभाळायच्या ते. काही प्रोसेसरांत एक आचारी दोन चुली बघतो, म्हणून आठ कोरांचे सोळा थ्रेड होतात. इंटेलने २०२१पासून आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत दोन प्रकारचे आचारी ठेवले. ‘पी-कोर’ म्हणजे मुख्य, हात झपझप चालणारे. ‘ई-कोर’ म्हणजे मदतनीस, कमी विजेत भाज्या चिरून देणारे. म्हणून इंटेलच्या खोक्यावर २४ कोर लिहिलेले दिसले तरी ते चोवीसच्या चोवीस सारख्या ताकदीचे नसतात. आठ मुख्य आणि सोळा मदतनीस असतात. एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्समध्ये सोळा कोर आहेत, पण सोळाही मुख्य आचारी, आणि प्रत्येकाकडे दोन चुली.

‘गिगाहर्ट्झ’ म्हणजे हाताचा वेग. पूर्वी पेंटियम फोरच्या काळात दुकानदार तेवढंच सांगायचे, तीन पॉइंट अमुक. पण नुसता वेग वाढवत नेला तर प्रोसेसर तापतो. म्हणूनच ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर काढायचा बेत इंटेलला २००४मध्ये सोडून द्यावा लागला आणि पुढे आचारी वाढवायचं धोरण आलं. आज खोक्यावर ५.५ किंवा ५.७ छापलेलं असतं, तो वेग एक-दोन कोर थोडा वेळ गाठतात. सगळे एकदम कामाला लागले की तो खाली येतो. शिवाय दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडून काही कळत नाही.

उरली ‘कॅश’. म्हणजे रोकड नव्हे हं! प्रोसेसरच्या पोटातली छोटीशी साठवण. आपला मिसळणाचा डबाच म्हणा. हाताशी मिसळणाचा डबा, मागच्या फडताळात रॅम, आणि कोठीच्या खोलीत एसएसडी नाहीतर हार्ड डिस्क. जिरं-मोहरी डब्यात असेल तर फोडणी जळत नाही. कोठीत जावं लागलं तर जळते.

आणखी एक. सगळीच कामं दहा जणींत वाटता येत नाहीत. पोळ्या लाटायला चौघी बसल्या की काम चौपट होतं, पण कुकरच्या शिट्ट्या कितीही बायका जमल्या तरी होतील तेव्हाच होतील. व्हिडिओचा एक्सपोर्ट आणि थ्रीडी रेंडर हे पोळ्यांसारखं काम, जितके कोर तितकं बरं. फोटोशॉपमधलं अल्बमचं पुष्कळसं काम कुकरसारखं. तिथे एकेका कोरचा वेग कामी येतो, चोवीस कोर असले तरी बरेचसे हातावर हात ठेवून बसतात.

हे एवढं कळलं की भाच्याच्या सल्ल्याचं उत्तर आपोआप मिळतं. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेला रायझन ७ ९८००एक्स-थ्रीडी खरोखर गेम खेळणाऱ्यांचा लाडका आहे. त्यात मिसळणाच्या डब्यावर डबा रचावा तशी कॅश थरावर थर रचलेली असते. नेहमीच्या आठ कोरांच्या रायझनला ३२ एमबी, तर याला ९६ एमबी. गेममध्ये सतत बारीकसारीक गोष्टी हाताशी लागतात म्हणून तिथे हा डबा चमत्कार करतो. पण आचारी आठच. अडीच तासांच्या लग्नाच्या फिल्मला डब्यापेक्षा हात जास्त लागतात. भाचा खोटं बोलत नव्हता, तो फक्त स्वतःच्या कामाचं सांगत होता! आणि हो, ‘थ्रेडरिपर’ नावाचा चौसष्ट कोरांचाही प्रोसेसर मिळतो. त्याची अमेरिकेतली किंमतच पाच हजार डॉलर. तो आपल्यासाठी नाही, पुढे चला.

एका अक्षराची किंमत

दुकानदाराच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ‘कोर आय-९ १४९००केएफ’. यातल्या ‘के’चा अर्थ, वेग आपल्या हाताने वाढवता येतो. आणि ‘एफ’चा अर्थ, प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्सची सोय चालू नाही. ‘ताई, वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकतोय ना, मग ती कशाला? एफमध्ये पैसे वाचतात,’ असं त्याचं म्हणणं. ऐकायला अगदी बरोबर. गेम खेळणाऱ्यासाठी ते बरोबरही आहे.

पण इंटेलच्या त्या पोटातल्या ग्राफिक्समध्ये ‘क्विक सिंक’ नावाची यंत्रणा असते. व्हिडिओ उलगडायचा आणि पुन्हा बांधायचा, एवढंच काम ती करते, पण फार झपाट्याने. आपल्याकडे लग्नाच्या एडिटिंगला बरेच जण ‘एडियस’ हे सॉफ्टवेअर वापरतात, आणि एडियस या क्विक सिंकचा चांगला उपयोग करून घेतं. ‘एफ’ घेतला की क्विक सिंक गेलं.

आता तो कॅमेरा. कॅनन आर-६, सोनी ए-७ फोर यांच्यासारखे कॅमेरे भारी दर्जाचं शूटिंग ‘एच २६५, १०-बिट, ४:२:२’ या पद्धतीत करू शकतात. रंगांची माहिती त्यात जास्त साठवलेली असते, म्हणून शालूचा रंग आणि नवरीची हळद उठून दिसते. पण ही गाठ सोडवायला कठीण. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं क्विक सिंक ती सोडवतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय आली ती २०२५मध्ये निघालेल्या ‘आरटीएक्स ५०’ मालिकेपासून. कोटेशनमधलं कार्ड त्याच्या आधीच्या पिढीचं, ‘४०६०’ होतं. म्हणजे ‘एफ’ प्रोसेसर आणि जुन्या पिढीचं कार्ड असं जोडलं असतं तर दोन लाख दहा हजार मोजूनही ते शूटिंग सगळं कोरांच्या अंगावर पडलं असतं आणि टाइमलाइन अडखळली असती.

हे तिला पुस्तकातून कळलं नाही. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस आणायला आपण साडी बरोबर नेतो ना, तशी ती त्या कॅमेऱ्याची पाच मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात गेली. ‘भाऊ, हे चालवून दाखवा.’ पहिल्या दुकानात तयार असलेल्या ‘एफ’वाल्या मशीनवर चित्र थांबत थांबत चालू लागलं. दुकानदार आधी सॉफ्टवेअरला नावं ठेवू लागला, मग कॅमेऱ्याला, शेवटी म्हणाला, ‘तुमच्या मिस्टरांना घेऊन या, त्यांना समजावतो.’ ती दुसऱ्या दुकानात गेली. तिथे बिनाएफच्या मशीनवर तीच क्लिप पाण्यासारखी चालली. तिथल्या पोराने अर्धा तास तिच्याशी, म्हणजे तिच्याशीच, बोलून सगळं समजावलं.

मित्राच्या जुन्या आय-नाईनचं काय? तो होता १३व्या पिढीचा, १३९००के. या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या श्रेणीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एक मोठा दोष निघाला होता. काही ठिकाणी ते वापरता वापरता अस्थिर व्हायचे, कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. जास्त व्होल्टेज ओढलं जाऊन आतल्या मंडलावर परिणाम होतो, असं इंटेलने २०२४मध्ये स्वतः सांगितलं, त्या ऑगस्टपासून दुरुस्तीचे ‘मायक्रोकोड’ दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्ती पुढचं नुकसान टाळते, आधी झालेलं भरून काढत नाही. आधीच्या मालकाने तो कसा वापरला, बायोस वेळेवर अपडेट केलं का, हे बाहेरून दिसत नाही. जुनी शिलाई मशीन टाके घालून पारखता येते, जुना प्रोसेसर तसा पारखता येत नाही. या दोन पिढ्यांतला सेकंडहँड वरचा माल मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही. कोटेशनमधला १४९००केएफसुद्धा याच घरातला, हेही लक्षात घ्या. नवा घेऊन पहिल्या दिवसापासून नवं बायोस टाकलं तर तो वापरता येतो, पण दुकानदाराने ते आपणहून सांगायला हवं होतं.

मे महिना आणि महावितरण

प्रोसेसरचं कौतुक करणारे सगळे एसीच्या खोलीत बसलेले असतात. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. जळगाव, भुसावळकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो. खोली दहा अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळपास दहा अंशांनी जास्त तापतो. आजचे प्रोसेसर मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५ अंशांपर्यंत तग धरतात. त्यापुढे जायची वेळ आली की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे साठ हजार मोजून घेतलेला वेग ऐन लगीनसराईत, ऐन मे महिन्यात हातचा जायचा!

१४९००के पूर्ण जोरात चालला की २५३ वॉटपर्यंत वीज घेतो. इंटेलचे २०२४चे कोर अल्ट्रा ७ आणि ९ चे ‘के’ प्रोसेसरही २५० वॉटपर्यंत जातात. रायझन ९ ९९५०एक्सवर १७० वॉट लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात तो २३०पर्यंत घेतो. समजा २५० वॉटने रोज आठ तास काम चाललं, तर रोजचे दोन युनिट, महिन्याचे साठ. नुसत्या प्रोसेसरचे! घरगुती बिलात शंभर आणि तीनशे युनिटांच्या पायऱ्या आहेत. एक पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर कसा चढतो ते बिल भरणारीला माहीत असतं.

यावर एक छान उपाय आहे, आणि तो फुकट आहे. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरला विजेची मर्यादा घालता येते. एएमडीत त्याला ‘इको मोड’ म्हणतात. १७० वॉटचा प्रोसेसर १०५वर किंवा ६५वर बांधता येतो. इंटेलमध्येही ‘पॉवर लिमिट’ १२५ वॉटवर आणता येतं. वीज जवळजवळ निम्मी होते, काम मात्र निम्म्यावर येत नाही, थोडंच मंदावतं. कारण शेवटचा थोडासा वेग मिळवायलाच सगळ्यात जास्त वीज जाते. स्कूटर चाळीसने चालवली तर पेट्रोल किती पुरतं आणि ऐंशीने चालवली तर किती, तसंच हे. दुकानातल्या पोराकडून मशीन ताब्यात घेतानाच हे करून घ्यायचं.

वाळ्याच्या कूलरसमोर कॉम्प्युटर ठेवू नका. त्या वाऱ्याबरोबर ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. खोलीत हवा खेळती हवी, कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं नको, बस. पाण्यावर चालणाऱ्या कुलरची, म्हणजे ‘लिक्विड’ची, दुकानदार फार भलामण करतात. २५० वॉटला तो उपयोगी पडतो खरा. पण मर्यादा घातलेल्या प्रोसेसरला दोन पंख्यांचा चांगला टॉवर कूलर पुरतो. त्याचा पंखा बिघडला तर तालुक्याला मिळतो, पंप बिघडला तर मिळत नाही.

इंटेल की एएमडी?

हा वाद सासर-माहेरच्या वादासारखा आहे, संपत नाही. आणि खरं तर या दोन घरांत आपलंही थोडं नातं आहे. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला. त्यांचा पेंटियम १९९३मध्ये आला. पुढे इंटेल सोडून ते एएमडीकडे गेले आणि तिथल्या के-६ प्रोसेसरमागेही त्यांचा हात होता. आज एएमडीची सूत्रं एका बाईच्या हातात आहेत, हे किती जणींना माहीत आहे? लिसा सू. जन्म तैवानचा, वाढल्या अमेरिकेत, एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट. २०१४मध्ये त्यांनी कंपनी हाती घेतली तेव्हा ती बुडायच्या बेतात होती. २०१७मध्ये रायझन आला आणि चित्र पालटलं. ‘टाइम’ने २०२४च्या सर्वोत्तम सीईओ म्हणून त्यांनाच निवडलं. ‘तुमच्या मिस्टरांना घेऊन या’ म्हणणाऱ्या त्या दुकानदाराच्या मागच्या फळीवर रायझनचे खोके ओळीने रचलेले होते. असो!

एएमडीच्या बाजूने एक फार मोठा मुद्दा आहे, सॉकेटचा. प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. एएमडीचं ‘एएम-फाइव्ह’ २०२२मध्ये आलं, आणि २०२७पर्यंत आणि त्यापुढेही ते चालू ठेवू असं कंपनीने सांगितलेलं आहे. म्हणजे तीन वर्षांनी नवा प्रोसेसर आला तर जुना काढून तोच बोर्ड वापरायची आशा. इंटेलमध्ये १४व्या पिढीचं सॉकेट २०२४च्या कोर अल्ट्राला चालत नाही, बोर्डही बदलावा लागतो. ज्यांचं काम ब्लेंडरसारखं रेंडरिंगचं आहे आणि ज्या दर तीन-चार वर्षांनी प्रोसेसर बदलणार आहेत, त्यांनी रायझन ९चा विचार जरूर करावा. फक्त जुन्या साठ्यातला बोर्ड असेल तर त्यावर नव्या प्रोसेसरसाठीचं बायोस टाकून घ्यावं लागतं, नाहीतर मशीन सुरूच होत नाही.

आमच्या मैत्रिणीचा मशीन बदलण्याचा वेग म्हणजे आठ वर्षांत एकदा! तिला सॉकेटचा फायदा कितीसा होणार? तिला हवं होतं क्विक सिंक, पुरेसे हात आणि कमी ताप. तिने घेतला कोर अल्ट्रा ७ २६५के. आठ मुख्य, बारा मदतनीस, असे वीस कोर. सर्वांत वरचा अल्ट्रा ९ २८५के याच कुटुंबातला, त्यात चार मदतनीस जास्त आणि वेग किंचित जास्त. पण किमतीतला फरक मोठा. तो फरक तिने ६४ जीबी रॅम, दोन टीबी एसएसडी आणि यूपीएसमध्ये घातला. यूपीएस ‘प्युअर साइन वेव्ह’चा, कारण आजचे चांगले पॉवर सप्लाय त्यावरच नीट चालतात. सगळं मिळून दीड लाखाच्या आत बसलं. एक्सपोर्ट आता रात्री लावायची गरज पडत नाही. जेवणं आणि मागची आवराआवर होईपर्यंत होऊन जातो.

आता बिलाचं, कारण इथेच पुष्कळ जणी फसतात. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हटलं तर नमस्कार करून बाहेर पडा. बिल नाही तर वॉरंटी मागायची कशाच्या जोरावर? गटाच्या किंवा बँकेच्या कर्जाला तर पक्कं बिल लागतंच. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. त्यावर सहसा कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’चा म्हणून खोक्याशिवायचा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते. खोकं आपल्यासमोर फोडायला लावा. खोक्यावरचा आणि प्रोसेसरच्या पाठीवरचा नंबर जुळतो का ते बघा, मोबाइलवर फोटो काढा, आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. एकदा कूलर बसला की तो नंबर झाकला जातो. मशीन तयार झाल्यावर ‘सिनेबेंच’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर अर्धा तास चालवायला सांगा, तोवर चहा घ्या.  मशीन बंद पडलं किंवा अडकलं तर ते दुकानातच कळलेलं बरं.

आणि एक ताजी गोष्ट. २०२५च्या अखेरीला रॅमच्या किमती भडकल्या, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा माल वळला. तिने उन्हाळ्यात घेतलेली रॅम दिवाळीनंतर त्या किमतीत मिळाली नसती. त्यामुळे आज कोटेशन घेताना प्रोसेसर एका दुकानाचा, रॅम दुसऱ्या दुकानाची, असे वेगवेगळे भाव लिहून घ्या, आणि जुन्या मशीनमधली रॅम चालेल असं गृहीत धरू नका. डीडीआर-फोरची रॅम एएम-फाइव्ह किंवा कोर अल्ट्राच्या बोर्डात बसतच नाही. जुनी एसएसडी आणि कॅबिनेट मात्र बहुधा चालतं. ते काढून ठेवा, पोराला अभ्यासाला दुसरं मशीन जोडायला उपयोगी पडेल.